गोडबोल्यांचा कापलेला नाच

डेव्हिड लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधला विहिरीचा प्रसंग ज्यांनी मोठ्या पडद्यावर पाहिलाय, त्यांच्या डोळ्यांसमोरून तो हलत नाही. तापलेल्या हवेत दूर क्षितिजावर एक काळा ठिपका थरथरतो. बराच वेळ तो नुसता ठिपकाच असतो. मग उंट दिसायला लागतो, उंटावरचा माणूस दिसायला लागतो, आणि विहिरीपाशी उभा असलेला तफस नावाचा वाटाड्या पिस्तूल सरसावतो न सरसावतो तोच गोळी लागून खाली पडतो. दुसऱ्या टोळीच्या विहिरीचं पाणी काढलं, हा त्याचा गुन्हा. छायाचित्रकार फ्रेडी यंगनं त्या मृगजळासाठी ४८२ मिलिमीटरचं भिंग वापरलं होतं. जगभरचे सिनेमावाले आजही या प्रसंगाबद्दल बोलतात, आणि बोलतात ते त्या येणाऱ्या माणसाबद्दल.

मला मात्र दर वेळी पडलेला माणूस दिसत राहतो. येणारा शेरीफ अली म्हणजे ओमर शरीफ, इजिप्तचा नट. इंग्रजी चित्रपटातलं हे त्याचं पहिलंच काम, आणि या एका प्रवेशानं तो जगाचा झाला. पडलेला तफस म्हणजे झिया मोहिउद्दीन. लायलपूरला जन्मलेला, लंडनला नाट्यशिक्षण घेतलेला, पुढे उर्दू गद्यपद्याच्या वाचनासाठी पाकिस्तानातच नव्हे तर आपल्याकडेही ज्याला लोकांनी कान देऊन ऐकलं तो. हा चित्रपट १९६२चा, पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब बंडात सामील झालेल्या टी. ई. लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्यावरचा. त्याआधी दोनच वर्षं, १९६०मध्ये, झियानं लंडनच्या रंगभूमीवर ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या नाट्यरूपात डॉक्टर अझीझची प्रमुख भूमिका केली होती. रंगमंचावर सगळं नाटक खांद्यावर घेणारा नट पडद्यावर आला तो काही मिनिटांसाठी, विहिरीवर मरायला. या अझीझकडे, इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरच्या त्या मूळ कादंबरीकडे आणि तिच्यातल्या गोडबोल्यांकडे मी पुढे येणारच आहे, कारण ती वाट आमच्या इंदूरवरून जाते.

आमच्या राजेंद्रनगरात काही तरुण मंडळी एका घराच्या वरच्या हॉलमध्ये जुने चित्रपट दाखवतात. पुतण्या त्यांच्यातला, म्हणून मलाही बोलावणं असतं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ‘लॉरेन्स’ लावला, मूळच्या मध्यंतरासकट. नंतर चहा झाला आणि चर्चा सुरू झाली. आमच्या पिढीनं हा चित्रपट वाळवंट, मोरीस झारचं संगीत आणि पीटर ओ’टूलचे निळे डोळे यांसाठी पाहिला होता. या मुलांचे प्रश्न वेगळे होते. एक मुलगी म्हणाली, “काकू, साडेतीन तासांहून मोठा सिनेमा आणि एकाही बाईला एक वाक्य नाही?” पुतण्याला फैसल खटकला होता. “आत्या, तो अॅलेक गिनेस कितीही चांगला असू दे, तोंडाला रंग लावलेला इंग्रजच दिसतो तो.” वर्षानुवर्षं इंग्रजी साहित्य शिकवलेल्या बाईला अशा वेळी मुलांना थोपवायचा मोह होतो. तो काळ वेगळा होता, असं म्हटलं की वाद मिटतो. पण मला तो मिटवायचा नव्हता. त्यांचे प्रश्न खरे होते आणि ते कुठवर नेता येतात हे मला पाहायचं होतं.

आधी माणसं पाहू. राजपुत्र फैसल झालेला गिनेस लंडनचा. औदा अबू तायी झालेला अँथनी क्विन मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतात जन्मलेला, आणि त्याला वर खोटं नाक लावलेलं. तुर्की बे झालेला होसे फेरर पोर्तो रिकोचा. गासिम झालेला आपला आय. एस. जोहर. मुख्य अरब भूमिकांमध्ये अरब म्हणावा असा ओमर शरीफ एकटा, आणि त्या भूमिकेसाठीही आधी फ्रेंच नटांचा विचार झाला होता. अरब भूमी म्हणाल तर जॉर्डनचं वाळवंट खरं, पण कैरो आणि दमास्कस स्पेनमधल्या सेव्हिल्यात उभे राहिले, आणि अकाबा बंदर स्पेनच्याच किनाऱ्यावर कार्बोनेरासला बांधलं. खरे बेदुइन आणि जॉर्डनच्या राजानं दिलेले सैनिक मागच्या गर्दीत. दुरून पाहिलं की सगळ्या खंडांची माणसं आहेत, जवळ कॅमेरा आला की ती निवडक होतात.

म्हणून अरबाची भूमिका अरबानंच करावी, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या भाषेच्या रंगभूमीवर बालगंधर्व उभे राहिले आणि ज्यांच्या नेसण्या-माळण्याकडे पाहून घरंदाज बायकांनी आपल्या आवडी ठरवल्या, त्या भाषेत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अंगात शिरणं म्हणजे नटाचा धर्मच वाटतो. गिनेस हा थोर नट होता. त्याचा फैसल डोळे अर्धे मिटून ऐकतो तेव्हा त्या ऐकण्यात राजकारण असतं. खटकतं ते दुसरंच. ही ये-जा एकाच बाजूनं होती. इंग्रज अरब होऊ शकत होता, मेक्सिकन अरब होऊ शकत होता, पंजाबी अरब होऊ शकत होता. १९६२ साली जनरल अॅलन्बीच्या भूमिकेसाठी मात्र कैरोच्या एखाद्या नटाला कुणी बोलावलं नसतं. नटाचा धर्म सगळ्यांना सारखा लागू नव्हता.

जोहरचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. आपल्याकडे त्याला लोक ओळखतात ते विनोदी नट म्हणून, ‘जॉनी मेरा नाम’मधल्या तिहेरी भूमिकेसाठी. इथे तो गासिम आहे. नफूदच्या वाळवंटात उंटावरून पडून मागे राहतो. त्याचं मरण लिहून ठेवलेलं आहे असं सगळे म्हणतात, आणि लॉरेन्स एकटा मागे फिरून त्याला घेऊन येतो. नंतर अकाब्याच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री गासिमच्या हातून खून होतो, दोन टोळ्यांत रक्तपात होऊ नये म्हणून त्याला परक्या माणसानं मारायला हवं, आणि ज्यानं वाचवलं त्याच लॉरेन्सला त्याच्यावर गोळ्या झाडाव्या लागतात. पटकथा म्हणून याला तोड नाही. पण लॉरेन्सच्या स्वतःच्या पुस्तकात ही दोन वेगळी माणसं आहेत. वाळवंटातून परत आणलेला गासिम वेगळा, आणि ज्याला लॉरेन्सनं मृत्युदंड दिला तो हमीद नावाचा उत्तर आफ्रिकेतला मूर वेगळा. चित्रपटानं दोघांना एका अंगरख्यात घातलं. का, ते उघड आहे. वाचवणं आणि मारणं एकाच माणसाच्या बाबतीत घडलं की लॉरेन्सच्या मनाचा पीळ घट्ट होतो. म्हणजे दोन अरब मिळून एका इंग्रजाचं मन तयार झालं. गासिम कुठला, त्याच्या घरी कोण होतं, त्यानं खून का केला, यातलं आपल्याला जवळपास काहीच कळत नाही.

आणि बाई? वादी रममधून सैन्य निघतं तेव्हा उंच कड्यांवर काळ्या बुरख्यांतल्या बायका उभ्या राहून त्यांना निरोप देतात. तेवढ्याच. त्या मुलीला मी सांगितलं की हा चित्रपट कापून जोडला तो एका बाईनं. संकलक अॅन कोट्स. काडी विझते आणि वाळवंटात सूर्य उगवतो, तो जोड तिच्या हातचा. त्या कामासाठी तिला ऑस्कर मिळालं, चित्रपटाला मिळालेल्या सात ऑस्करांपैकी एक. वेशभूषा फिलिस डाल्टनची. म्हणजे पडद्यावर ज्यांना जागा नव्हती त्यांनीच पडदा भरला होता. मुलगी गप्प बसली नाही, आणि बसूही नये. म्हणाली, “मग कोट्सबाईंच्या हातात आलेल्या फिल्ममध्येच बाई नव्हती ना?” खरं आहे. जे चित्रित झालं तेवढंच कापता येतं.

हे कापणं माझ्या डोक्यातून जाईना. लंडनच्या पहिल्या खेळाला चित्रपट २२२ मिनिटांचा होता. काही आठवड्यांतच त्यातली वीसेक मिनिटं काढली. १९७०च्या सुमारास आणखी छाटला. १९८९मध्ये रॉबर्ट हॅरिसनं जुने तुकडे शोधून तो पुन्हा उभा केला, तेव्हा काही दृश्यांचा आवाज हरवलेला होता आणि सत्तावीस वर्षं वय वाढलेल्या नटांना आपलीच तरुण वाक्यं पुन्हा बोलावी लागली. जॅक हॉकिन्स तोवर वारला होता, त्याचा अॅलन्बी दुसऱ्या नटाच्या आवाजात बोलतो. पटकथाकार मायकेल विल्सन हॉलिवूडच्या काळ्या यादीत होता, त्याचं नावच श्रेयनामावलीतून गेलं होतं. ते १९९५मध्ये मान्य झालं. एवढ्या मोठ्या चित्रपटातही कोण राहतं आणि कोण जातं, हे असं वरचेवर ठरत गेलं.

काही गोष्टी तर चित्रित व्हायच्याही आधी गेल्या. चित्रपटातला लॉरेन्स कैरोच्या कचेरीत नकाशे रंगवताना भेटतो. खरा लॉरेन्स अरब बंडात सामील होण्याआधी, १९१६च्या एप्रिलमध्ये, मेसोपोटेमियात जाऊन आला होता. कूत-अल-अमारा इथे जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांनी कोंडली होती, आणि पैसे देऊन तिला सोडवता येईल का, हे पाहायला त्याला पाठवलं होतं. ती फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कोकणातले, देशावरचे शिपाई जवळजवळ पाच महिने उपासमारीत तिथे अडकले होते. तुर्कांनी पैसे नाकारले, २९ एप्रिलला फौज शरण गेली, आणि त्यातले कितीतरी शिपाई कैदेत मेले. म्हणजे लॉरेन्सच्या आयुष्याच्या कथेत आपली माणसं होती, अगदी तोंडावरच होती. मी हे सांगितल्यावर पुतण्याला राग आला, की मग ती चित्रपटात का नाहीत? माझा राग तेवढा नाही. साडेतीन तासांत सगळं युद्ध बसत नाही, आणि लॉरेन्सची गोष्ट सांगणाऱ्यानं कूत वगळलं तर तो त्याचा अधिकार आहे. पण शेवटी पुण्याच्या नावानं लढलेल्या त्या फौजेची कहाणी कुणी सांगायची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, तो आपल्याकडे येतो.

आता गोडबोले.

‘लॉरेन्स’नंतर बावीस वर्षांनी, १९८४मध्ये, डेव्हिड लीननं ‘अ पॅसेज टू इंडिया’वर चित्रपट काढला. तो त्याचा शेवटचा. या वेळी काळ बदललेला होता. अझीझ झाला व्हिक्टर बॅनर्जी, हमीदुल्ला झाला सईद जाफरी, वकील अमृतराव झाले रोशन सेठ. महत्त्वाच्या भारतीय भूमिका भारतीय उपखंडातल्या नटांनी केल्या. एक सोडून. ती एक भूमिका म्हणजे प्रोफेसर नारायण गोडबोले, आणि ती केली अॅलेक गिनेसनं, पुन्हा रंग लावून. इतक्या माणसांतून इंग्रजाकडे राहिला तो नेमका मराठी माणूस.

नट मिळत नव्हते असंही नाही. दोनच वर्षं आधी ‘गांधी’ आला होता. त्यात गोपाळ कृष्ण गोखले झाले होते डॉक्टर श्रीराम लागू, आणि कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडींना सहायक अभिनेत्रीचं बाफ्टा पारितोषिक मिळालं होतं. इंग्रजी बोलणारे, कॅमेऱ्याला सरावलेले मराठी नट जगानं पाहिले होते. लीनला मात्र आपला जुना मित्र हवा होता. दोघांनी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’पासून एकत्र काम केलेलं. मैत्रीपोटी झालेल्या निवडीला मी वाईट हेतू चिकटवणार नाही. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती कळली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं होतं. ई. एम. फॉर्स्टरनं कादंबरीत गोडबोल्यांचं वर्णन दिलंय: दख्खनी ब्राह्मण, उतारवय, करड्या मिश्या, करडे-निळे डोळे, आणि रंग एखाद्या युरोपियनासारखा गोरा. सदाशिव पेठेत किंवा आमच्या रामबागेत असे काका आजही संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला जाताना दिसतात. फॉर्स्टरनं तो घारा-गोरा कोकणस्थ नीट पाहिला होता. आणि साठ वर्षांनी पडद्यासाठी एका घाऱ्या-गोऱ्या नटाला तपकिरी रंग लावून तीच भूमिका दिली गेली, कारण हिंदू माणूस कसा दिसतो हे आधीच ठरलेलं होतं. लेखकानं डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्या ठरलेल्या रंगाखाली गेला.

फॉर्स्टरनं हे कुठे पाहिलं? आमच्या शेजारी. इंदूरहून आग्रा रोडनं निघालं की तासाभरात देवासची टेकडी दिसते. देवासला पवारांची दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांच्याकडे फॉर्स्टर प्रथम १९१२च्या डिसेंबरात पाहुणा म्हणून आला, आणि १९२१मध्ये खासगी सचिव म्हणून येऊन काही महिने राहिला. राजदरबार मराठी, मुदपाक मराठी, सणवार मराठी. इथूनच आईला लिहिलेली त्याची पत्रं पुढे १९५३मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. ती टेकडी म्हणजे चामुंडामातेची. (कुमार गंधर्व पुढे त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहायला आले. त्या टेकडीला मोठी माणसं आपल्या पायाशी बसवून घ्यायची सवयच असावी.)

१९२१च्या श्रावणात त्यानं देवासच्या वाड्यातली गोकुळाष्टमी पाहिली. अनवाणी, भारतीय पोशाखात, दिवसच्या दिवस. गोंगाट, माश्या, घाम, लोणी, एकाच वेळी वाजणारी वाद्यं, कशाचा कशाला मेळ नाही, हे सगळं त्यानं तक्रारीच्या सुरात लिहिलंय. आणि त्याच पत्रांत आपले महाराज देवापुढे भान हरपून नाचतात ते पाहून तो हललेलाही आहे. ही गोकुळाष्टमी त्यानं कादंबरीत नेली. १९२४मध्ये आलेल्या ‘अ पॅसेज टू इंडिया’चा तिसरा भाग मऊ नावाच्या हिंदू संस्थानात घडतो, आणि तो सुरू होतो गोडबोल्यांपासून. ते देवासमोर उभे आहेत, अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत, हातात झांजा. सोनेरी चष्मा गळ्यातल्या जुईच्या माळेत अडकून नाकावर तिरका झालाय. आणि मंडळी गातायत ते समोरच्या देवाचंही नाही, एका संताचं: तुकाराम, तुकाराम, तूच माझा बाप, माय, सगळं काही.

इंग्रजी साहित्याच्या थोर कादंबरीत तुकोबांचं नाव असं झांजांच्या ठेक्यावर येतं, हे मी वर्गात दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी शेवटच्या बाकावरचं एखादं मराठी पोर मान वर करायचं. पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. नाचता नाचता गोडबोल्यांना कधीतरी भेटलेली एक म्हातारी इंग्रज बाई आठवते. ती आठवते म्हणजे तिला ते आपल्या आनंदात सामावून घेतात. मग एक गांधीलमाशी आठवते, तीही सामावते. मग ती माशी ज्या दगडावर बसली होती तो दगड आणू पाहतात, तिथे जमत नाही, आणि ते पुन्हा झांजांकडे वळतात. या चार-पाच ओळींत फॉर्स्टर त्या माणसाच्या आत गेलेला आहे. हा ब्राह्मण विक्षिप्त आहे, उत्तर द्यायचं टाळतो, गाडी चुकवतो, इंग्रजांना कोडं वाटतो, हे सगळं आधीच्या भागांत बाहेरून दिसलेलं असतं. इथे पहिल्यांदा आपण त्याच्या बाजूनं पाहतो, आणि तिथून पाहिलं तर म्हातारी बाई, माशी आणि दगड यांच्यात कुठवर जाता येतं, हा केवढा गंभीर प्रयत्न आहे हे कळतं.

चित्रपटात हे नाही. लीननं शेवट काश्मीरला नेला, दल सरोवर आणि हिमशिखरांपाशी. ती शिखरं पडद्यावर फार सुंदर दिसतात. मऊ गेलं, गोकुळाष्टमी गेली, तुकोबा गेले. गिनेसनं गोडबोल्यांच्या नाचावर मेहनत घेतली होती. तो नाच लीननं कापून टाकला. आणि या वेळी कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती. पटकथा, दिग्दर्शन आणि संकलन, तिन्ही श्रेयं लीनची स्वतःची आहेत. मग उरले ते गोडबोले बाहेरून दिसणारे, पाय धुणारे, डोळे मिटणारे, गूढ काहीतरी पुटपुटणारे. लोक गिनेसच्या रंगाबद्दल बोलतात, आणि बोलावंच. पण समजा ती भूमिका डॉक्टर लागूंनी केली असती आणि नाच असाच कापला असता, तर? चेहरा आपला असता आणि आत माणूस नसता. उलट तो रंग लावलेला गिनेस, म्हातारा, झांजा वाजवत, तिरक्या चष्म्यानं तुकोबांचं नाव घेत पाच मिनिटं पडद्यावर राहिला असता, तर मला वाटतं मी त्याला माफ केलं असतं. हे मी मुलांना सांगितलं. काहींना पटलं, पुतण्याला नाही. त्याचं म्हणणं, चेहरा आणि आतला माणूस दोन्ही मागायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. मागावंत.

या फूटपट्टीनं ‘लॉरेन्स’कडे परत गेलं की शेरीफ अली वेगळा दिसायला लागतो. तो खुनी म्हणून येतो, मृगजळातून येतो, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या अरबाचा नमुनाच. पण मग चित्रपट त्याला वेळ देतो. तो लॉरेन्सला हसतो, मग मानतो, त्याचे कपडे जाळून त्याला शेरीफाचा पोशाख देतो, तुर्कांच्या ताब्यातल्या डेरा शहरातल्या रात्री त्याच्यासाठी चिखलात थांबतो, आणि तफस नावाच्याच एका गावाबाहेर लॉरेन्स कत्तलीचा हुकूम देतो तेव्हा त्याला अडवायचा प्रयत्न करणारा हाच असतो. विहिरीवर एका माणसाला सहज मारणारा अली शेवटी दमास्कसमध्ये थांबून राजकारण शिकायचं म्हणतो, आणि औदाला ते हलकं काम वाटतं. लॉरेन्स फुटत जातो आणि अली घडत जातो. ओमर शरीफ अरब होता म्हणून हे झालं, एवढंच म्हणून चालणार नाही. रॉबर्ट बोल्ट आणि विल्सन यांनी त्याला बदलायला जागा ठेवली, आणि कोट्सबाईंनी ती कापली नाही.

आमच्या घरात देवासच्या गोकुळाष्टमीची गोष्ट वेगळीच चालत आलीय. माझे पणजोबा थोरल्या पातीच्या खासगीत कारकून. उत्सवाच्या लोण्याचा, फुलांचा, तेलाचा हिशेब त्यांच्याकडे, मोडीत. आजी सांगायची ती त्या हिशेबाची धावपळ, कुणी किती लोणी आणलं, कोणाच्या वाटीत किती निघालं, महाराजांचे पाय नाचून कसे सुजायचे. त्या गोष्टींत एक गोरा साहेब वाड्यात अनवाणी वावरतोय, हे कुठेही नाही. पुस्तक वाचून मी आजीला विचारलं, तर तिनं तिच्या वडिलांकडून असं कुणाबद्दल ऐकलंच नव्हतं. फॉर्स्टरच्या पत्रांत पणजोबा गर्दी आहेत आणि पणजोबांच्या हिशेबात फॉर्स्टर गर्दीतही नाही. दोघं एकाच चौकात, एकाच आवाजात, दिवसच्या दिवस उभे होते.

पुतण्या आणि त्याच्या मित्रांनी आता यावरच एकांकिका लिहायला घेतलीय. देवास, १९२१, वाड्यातला चौक. कादंबरी नको, चित्रपट नको, तो चौक हवा, असं त्यांनी ठरवलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला. साहेबाची भूमिका कोण करणार यावर पहिला वाद झाला. एक घारा मुलगा आहे, त्याच्या तोंडाला पावडर लावायची का? तो प्रश्न, ‘लॉरेन्स’मध्ये बाईला वाक्य का नाही असं विचारणाऱ्या मुलीनंच निकाली काढला: काही लावायचं नाही, तो साहेब आहे म्हटलं की आहे. लोणी घेऊन येणारी गवळण तिनं स्वतः घेतलीय आणि तिला भरपूर वाक्यं लिहिलीयत. पणजोबांना मोठं स्वगत आहे, हिशेबाच्या वहीवर. साहेबाला आईला लिहिलेलं एक पत्र आहे, त्याच्या चिडचिडीसकट आणि त्याच्या हलून जाण्यासकट.

पहिल्या वाचनात एकांकिका लांबली. स्पर्धेची वेळ ठरलेली, काहीतरी कमी करावं लागणार. सगळ्यांनी एकमुखानं साहेबाचं पत्र काढायचं सुचवलं; तो परका, त्याचं बोलणं जगानं पुष्कळ ऐकलंय, आता आपलं ऐकू द्या. मी म्हटलं, पत्र राहू द्या, पणजोबांच्या स्वगतातलं काढा. पुतण्या माझ्याकडे बघतच राहिला. “आत्या, आपल्याच माणसाचं कापायचं?” मी म्हटलं, दोघांचंही थोडं थोडं काढा, पण साहेब नुसता उभा ठेवू नका. गवळणीचं एकही वाक्य काढायचं नाही, असं त्या मुलीनं तेवढ्यात जाहीर करून टाकलं. रविवारी पुन्हा वाचन आहे.